कविवर्य टिळक आणि एक लहानसें पुस्तक

उमरोळीच्या स्थानकावर सकाळीं उभें राहिलें म्हणजे मनुष्यजीवनाचे किती तरी नमुने पाहावयास मिळतात. पालघरच्या बाजाराकडे टोपल्या घेऊन निघालेल्या बाया, बोईसरच्या कारखान्यांत कामास जाणारे तरुण, आणि दप्तर सांवरीत धांवणारीं शाळेचीं मुलें, हीं सर्व एकाच गाडीची वाट पाहत असतात. गाडींत शेजारीं बसलेल्या मनुष्याशीं आपण दोन शब्द बोलतों, आपलें स्थानक आलें कीं उतरतों, आणि पुढें त्याची आठवणही राहत नाहीं. परंतु आगगाडींतील अशाच एका अल्प भेटीनें महाराष्ट्राच्या एका मोठ्या कवीच्या आयुष्यास निराळें वळण लागलें. त्या भेटींत त्यांच्या हातीं एक लहानसें पुस्तक आलें, आणि त्या पुस्तकानें त्यांचें हृदय हळूहळू आंतून पालटून टाकलें. ते कवि म्हणजे नारायण वामन टिळक होत.

टिळक हें नांव ऐकतांच आमच्या विद्यार्थ्यांस लोकमान्यांची आठवण होते, व तें स्वाभाविकच आहे. दोघेही रत्नागिरी जिल्ह्यांतले, दोघांचें आडनांव एक, आणि दोघेही एकाच काळीं वावरलेले. परंतु आम्ही ज्यांच्याविषयीं लिहीत आहों ते टिळक निराळे. फुलांमुलांचे कवि म्हणून ज्यांस मराठी वाचक ओळखतात, व ज्यांची एखादी तरी कविता आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं लहानपणीं पाठ केली असेल, तेच हे टिळक.

चरित्रास आरंभ करण्यापूर्वीं पालकांस एक शब्द सांगणें अवश्य वाटतें. आमच्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बांकावर बसून शिकतात. ख्रिस्ती झालेल्या मनुष्याची कथा वार्षिकांत छापलेली पाहून कोणाच्या मनांत शंका येणें अशक्य नाहीं. हें चरित्र कोणास त्याच्या धर्मापासून ओढून नेण्यासाठीं लिहिलेलें नाहीं. देवाचें वचन मनुष्याच्या अंतःकरणांत शिरलें म्हणजे काय करतें, आणि तें खरोखर शिरलें आहे हें कशावरून ओळखावें, एवढाच आमचा प्रश्न आहे. हा प्रश्न ख्रिस्ती घरांत जितका मोलाचा आहे, तितकाच तो इतर घरांतही आहे. कारण धर्मग्रंथ प्रत्येक घरीं आहे, आणि तो फळीवर ठेवून विसरून जाण्याची संवयही प्रत्येक घरीं आहे.

नारायणराव टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें झाला. वडील वामनराव सरकारी नोकरींत होते व स्वभावानें फार कडक होते. आई जानकीबाई मात्र अत्यंत प्रेमळ होती. तिला कवितेची आवड होती, व तिच्याच मांडीवर नारायणाच्या कानीं ओव्या व अभंग प्रथम पडले. परंतु मुलगा अकरा-बारा वर्षांचा होतो न होतो तोंच ती माउली देवाघरीं गेली. घरांत कठोरपणा उरला व प्रेम गेलें. ज्या मुलानें बापाचा धाक पोटभर अनुभविला व आईची माया अर्ध्यांतच गमावली, त्याच्या मनांत देव कसा असेल हा प्रश्न किती तीव्रपणें उभा राहिला असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. पुढें आयुष्यभर टिळक ख्रिस्ताला आईच्या नात्यानें आळवीत राहिले, त्याचें मूळ आम्हांस येथें दिसतें.

पुढें नारायणराव नाशिकास राहिले. तेथें गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं त्यांनीं संस्कृत काव्याचा अभ्यास केला, व शाळेंत थोडें इंग्रजीही शिकले. परीक्षांच्या पायऱ्या चढून मोठ्या पदवीस जावें असा योग त्यांच्या नशिबीं नव्हता. परंतु बुद्धि तीव्र होती, स्मरणशक्ति विलक्षण होती, आणि वाणींत रस होता. १८८० च्या सुमारास त्यांचें लग्न नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांच्या मुलीशीं झालें. नवरी केवळ अकरा वर्षांची होती, तिला लिहितांवाचतां येत नव्हतें, व तिचें सासरचें नांव लक्ष्मी असें ठेवण्यांत आलें. हीच मुलगी पुढें लक्ष्मीबाई टिळक या नांवानें मराठी वाङ्मयांत अमर झाली. आज आपणांस टिळकांच्या घरांतील जें कांहीं ठाऊक आहे, त्यांतील बराच भाग लक्ष्मीबाईंच्या १९३४ ते १९३६ या काळांत प्रसिद्ध झालेल्या स्मृतिचित्रें या ग्रंथामुळें ठाऊक आहे. त्या बाईंनीं पतीचे गुण जसे सांगितले तसे दोषही सांगितले, आणि म्हणूनच त्यांच्या सांगण्यावर विश्वास बसतो.

ते दोष लहान नव्हते. टिळकांचा राग म्हणजे गवताची आग. क्षणांत भडका उडे, व क्षणांत विझे; परंतु तेवढ्या वेळांत घरच्या माणसांच्या जिवास चटका बसून जाई. एका ठिकाणीं त्यांचें मन रमत नसे. आज शिक्षक, उद्यां पुराणिक, परवां कीर्तनकार, असा त्यांचा क्रम चाले. आणि मनांत आलें म्हणजे घरीं कांहीं न सांगतां ते निघून जात. हातीं पैसा आला तर तो टिकत नसे. कोणी गरजू भेटला कीं त्याच्या पदरांत पडे, आणि घरीं चूल कशी पेटावी हा प्रश्न तरुण पत्नीनें सोडवावयाचा. उदारपणा, काव्यशक्ति व धर्मजिज्ञासा हीं त्यांच्यापाशीं भरपूर होतीं. नव्हतें तें स्थिर मन.

१८९१ च्या सुमारास टिळक नागपुरास आले, व तेथील धनिक गृहस्थ आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें संस्कृत ग्रंथांचें काम करूं लागले. याच काळांत त्यांनीं ऋषि नांवाचें एक मासिक चालविलें, व त्यांतून धर्माच्या प्रश्नांची चर्चा केली. वेद, उपनिषदें, संतांची वाणी, यांचें मंथन त्यांच्या मनांत अहोरात्र चाले. देशाची दुर्दशा पाहून त्यांचें अंतःकरण तळमळे, व जातिभेदानें समाजाचे तुकडे झाले आहेत ही गोष्ट त्यांस सलत राही. शेवटीं त्यांनीं मनाशींच एक नवा धर्म आखला. देव सर्वांचा पिता, मनुष्यें सर्व भावंडें, जातिभेद खोटा, अशी त्याची मांडणी होती. विचार उत्तम होते. परंतु विचारानें मन शांत होईना. नकाशा काढला म्हणजे गांव गांठतां येतें असें नाहीं. त्यासाठीं चालण्याचें बळ लागतें, आणि तेंच त्यांस कोठें मिळत नव्हतें.

अशा मनःस्थितींत १८९३ सालीं टिळक नागपुराहून राजनांदगांवास निघाले. हें गांव आज छत्तीसगड राज्यांत आहे. त्या काळीं तें एका लहान संस्थानाची राजधानी होतें, व तेथें टिळकांस नोकरी मिळावयाची होती. आगगाडीच्या डब्यांत एक युरोपीय गृहस्थ बसले होते. टिळकांस वाटलें कीं हा साहेब आपणांस तुच्छ लेखील. झालें उलटेंच. त्या गृहस्थानें त्यांस आदरानें जागा दिली व संभाषण सुरू केलें. बोलणें संस्कृत काव्यावर गेलें, मग धर्मावर आलें. टिळकांनीं आपले विचार मनमोकळेपणानें सांगितले. त्या गृहस्थानें वाद घातला नाहीं, कीं त्यांच्या पूर्वजांच्या धर्माची निंदा केली नाहीं. उतरण्यापूर्वीं त्यानें आपल्याजवळचा नवा करार टिळकांच्या हातीं ठेविला, तो वाचण्याची विनंती केली, आणि हें पुस्तक प्रामाणिकपणें वाचाल तर दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असें कांहींसें भाकीत केलें. टिळकांस त्या भाकिताचें हसूंच आलें. परंतु वाचण्याचें वचन त्यांनीं दिलें होतें.

वाचकहो, त्या गृहस्थाचें नांव काय होतें, हें आमच्या कथेस आवश्यक नाहीं. पेरणारा शेतांतून निघून जातो. उगवण्याचें काम बीजाचें असतें. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुस्तक हातीं येण्यापूर्वीं सौजन्य हातीं आलें. त्या डब्यांत त्या दिवशीं मग्रुरीचा एक शब्द उच्चारला गेला असता, तर तें पुस्तक कदाचित् उघडलेंच गेलें नसतें.

टिळकांनीं वचन पाळण्यापुरतेंच वाचन सुरू केलें. त्यांची संवय अशी कीं पेन्सिल घेऊन बसावें, व लक्षांत ठेवण्यासारख्या वाक्यांखालीं रेघ ओढावी. आरंभीं मन लागेना. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायापाशीं ते आले, आणि तेथें थबकले. पांच, सहा व सात या तीन अध्यायांत प्रभु येशूनें डोंगरावर केलेला उपदेश आहे. दीनांस व शोक करणाऱ्यांस तेथें धन्य म्हटलें आहे. भावावर मनांत राग धरणें हेंच हत्येचें मूळ आहे असें तेथें शिकविलें आहे. वैऱ्यावर प्रीति करावी, दान गुप्तपणें करावें, उद्यांची काळजी पित्यावर सोंपवावी, असें तेथें सांगितलें आहे. टिळकांस तें पुस्तक खालीं ठेववेना. ज्या प्रश्नांचा उलगडा तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत करतां करतां ते थकले होते, त्यांचा उलगडा त्यांस या साध्या वचनांत दिसूं लागला.

आमच्या मतें त्यांच्या अंतःकरणास स्पर्श करणारी गोष्ट याहूनही जवळची होती. रागीट मनुष्याच्या समोर रागाविषयींचें वचन आलें. ज्यानें बापाच्या कठोरतेंत बाळपण काढलें, त्याच्या समोर क्षमाशील पिता उभा राहिला. आजपर्यंत टिळक ग्रंथांची परीक्षा करीत आले होते. आतां एक ग्रंथ त्यांचीच परीक्षा घेऊं लागला. देवाचें वचन व इतर उत्तम वाङ्मय यांतील भेद आम्हांस येथें दिसतो. काव्य वाचून आपण कवीची थोरवी पाहतों. वचन वाचतां वाचतां आपणांस आपलें स्वतःचें तोंड दिसूं लागतें, आणि तें नेहमीं पाहण्यासारखें असतेंच असें नाहीं.

तरी दुसऱ्याच दिवशीं ते ख्रिस्ती झाले, असें कोणीं समजूं नये. जवळजवळ दोन वर्षें हा झगडा चालला. बुद्धीस पटलें तरी पाऊल उचलेना. पत्नी, लहान मुलगा दत्तू, आप्तइष्ट, जन्मापासूनचा समाज, हें सर्व एका बाजूस होतें. ख्रिस्ती नियतकालिकांशीं त्यांनीं गुप्तपणें पत्रव्यवहार केला, शंका विचारल्या, पुनःपुन्हां वाचलें, प्रार्थना केली. हळूहळू ही बातमी बाहेर फुटली, व हितचिंतक दुरावूं लागले. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत अमेरिकन मिशनच्या मंदिरांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपणांस एका भारतीय पाळकाच्याच हातून बाप्तिस्मा मिळावा, असा त्यांचा आग्रह होता, व तो पुरा झाला. आगगाडींतील भाकितास तेव्हां सुमारें दोन वर्षें होत आलीं होतीं.

या ठिकाणीं कथा संपविणें सोपें आहे. पुष्कळ चरित्रकार येथेंच आनंदानें हात जोडतात. परंतु आम्हांस तसें करवत नाहीं. कारण त्या दिवशीं जलालपूर-नाशिकच्या बाजूस एका घरांत आकांत झाला. लक्ष्मीबाईंची संमति घेऊन टिळक गेले नव्हते. बातमी येतांच त्या माउलीची स्थिति वेड्यासारखी झाली. ज्याच्या हातीं आपला हात दिला, तो मनुष्य जिवंत असूनही परका झाला, अशी तिची समजूत. आणि त्या काळच्या समाजाची समजूतही तशीच. सोवळेंओवळें, आप्तांचे टोमणे, लहान मुलाचें पुढें काय होईल ही चिंता, या सर्वांत तिनें कधीं नाशिकास, कधीं पंढरपुरास आप्तांच्या आश्रयानें दिवस कंठिले. पतीपत्नींची ताटातूट चार वर्षांहून अधिक काळ राहिली. टिळकांच्या श्रद्धेची किंमत टिळकांनीं एकट्यानें दिली नाहीं. तिचा मोठा वांटा एका निरपराध स्त्रीनें दिला. हें सांगितल्यावांचून त्यांचें चरित्र खरें होणार नाहीं.

येथेंच खरा प्रश्न उभा राहतो. वचनानें हृदय पालटलें असें म्हणावयाचें, तर तें कोठें दिसलें? बाप्तिस्म्याच्या दिवशीं दिसलें काय? आमच्या मतें तें या ताटातुटींत व तिच्या पुढच्या दिवसांत दिसलें. पूर्वींचे टिळक मनांत आलें कीं घर सोडून जाणारे. आतांचे टिळक तुटलेलें घर सांधण्यासाठीं वर्षानुवर्षें पत्रें लिहिणारे. त्या काळीं पत्नी नाकारून दुसरें लग्न करणें पुरुषास कठीण नव्हतें. टिळकांनीं तसें केलें नाहीं. ते वाट पाहत राहिले. विरहाच्या या काळांतच लक्ष्मीबाईंनींही कविता करण्यास आरंभ केला, आणि ज्या वेदनेनें घर मोडलें होतें, तिच्यांतूनच दुसऱ्या एका लेखिकेचा जन्म झाला.

शेवटीं लक्ष्मीबाई मुलास घेऊन अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पतीजवळ राहावयास आल्या. परंतु आल्या त्या हिंदु म्हणूनच. आपला स्वयंपाक निराळा, आपलें पाणी निराळें, आपलें सोवळें कडक, अशी त्यांची अट होती. टिळकांनीं ती मान्य केली. त्यांनीं तिची थट्टा केली नाहीं, तिच्यावर सक्ति केली नाहीं. उलट तिच्या नियमांस बाध येऊं नये अशी व्यवस्था स्वतः लावून दिली. ज्या मनुष्यास एके काळीं भाजींतील मीठ कमी झालें तरी संताप आंवरला नसता, तो मनुष्य आपल्याच घरांत परक्यासारखा वागविला जात असतां शांत राहिला. बालमित्रहो, डोंगरावरचा उपदेश पाठ म्हणून दाखविणें सोपें आहे; तो अशा घरांत राहून दाखविणें फार कठीण आहे.

पुढें लक्ष्मीबाईंच्याच मनांत विचार आला, कीं या जाती देवानें केल्या कीं माणसांनीं? जन्म सर्वांस सारखा, मरण सर्वांस सारखें, मग मधल्या चार दिवसांत हा उंच व तो नीच हें कोणीं ठरविलें? असा विचार करतां करतां त्यांच्या मनांतील गांठ आपोआप सुटली. कोणाच्याही हातचें अन्नपाणी घेण्यास त्यांनीं आरंभ केला, आणि १९०० सालीं त्यांचा व दत्तूचा बाप्तिस्मा झाला. पतीनें त्यांस ख्रिस्ती केलें नाहीं. पतीच्या आयुष्यांत झालेला पालट त्यांनीं वर्षानुवर्षें जवळून पाहिला, व मग स्वतःच्या विचारानें स्वतःचें पाऊल टाकिलें.

तथापि टिळक देवदूत झाले, असा कोणाचा ग्रह होऊं नये. त्यांचा राग समूळ गेला नाहीं. तो येई, परंतु आतां त्याच्या मागोमाग पश्चात्ताप येई, आणि लहान मुलापुढेंही आपली चूक कबूल करण्यास त्यांस संकोच वाटत नसे. पैसा पूर्वींप्रमाणेंच त्यांच्या हातीं टिकत नसे. परंतु आतां त्या उदारपणांत लक्ष्मीबाई भागीदार झाल्या, आणि निराधार मुलांस त्यांच्या घराचें दार उघडें झालें. वचन मनुष्याचा स्वभाव पुसून टाकीत नाहीं; त्यास नवा धनी देतें. ज्या नदीनें पूर्वीं पुरानें शेतें वाहून नेलीं, तिचेंच पाणी पुढें पाटानें शेतांत यावें, तसा हा पालट होता.

टिळकांची वाणीही या नव्या धन्याच्या सेवेस लागली. अहमदनगर येथें धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेंत ते शिक्षक झाले, व १९०४ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. मराठी ख्रिस्ती मंदिरांत तोंवर बहुतेक गीतें परक्या चालींवर बसविलेलीं असत. टिळकांनीं शेंकडों गीतें व अभंग रचिले, व ख्रिस्ताची भक्ति महाराष्ट्राच्या स्वतःच्या सुरांत गातां येते हें दाखवून दिलें. वीणा व टाळ घेऊन ते ख्रिस्ती कीर्तन करीत. आपण ख्रिस्तापाशीं आलों ते तुकोबांच्या पुलावरून आलों, अशी त्यांची भावना होती. आणि ज्या पुलावरून आलों तो मोडून टाकावा, हें त्यांच्या मनास कधींही शिवलें नाहीं. १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनीं ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचें संपादन केलें. १९०९ सालीं त्यांनीं ख्रिस्तायन नांवाचें येशूचें ओवीबद्ध चरित्र हातीं घेतलें. तें त्यांच्या हातून अपुरें राहिलें. पुढें तें लक्ष्मीबाईंनीं पूर्णतेस नेलें, व १९३८ सालीं तें प्रसिद्ध झालें. लग्नाच्या दिवशीं ज्या मुलीस अक्षरओळख नव्हती, तिनें पतीचें महाकाव्य पुरें करावें, याहून सुंदर उत्तर त्या ताटातुटीस कोणतें असूं शकेल?

ख्रिस्ती झाल्यामुळें टिळक देशास परके झाले काय? मुळींच नाहीं. देशप्रेमाच्या कविता त्यांनीं त्यानंतरही लिहिल्या, आणि फुलें, पांखरें व मुलें यांवरील त्यांचीं गोड गाणीं सर्व महाराष्ट्रानें आपलीं मानिलीं. १९०७ सालीं जळगांव येथें कविसंमेलन भरलें, त्यांत त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोंवळ्या मुलाच्या कवितेनें सर्व मंडळी चकित झाली. तेच आपले बालकवि. या मुलास टिळकांनीं पुढें आपल्या घरीं ठेवून घेतलें, व टिळक पतीपत्नींनीं त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. बालकवि शेवटपर्यंत हिंदूच राहिले. त्या घरांतील प्रेमास धर्मांतराची अट नव्हती. पालकांस आरंभीं आम्हीं जो शब्द दिला, त्याचा आधार हाच आहे.

१९१७ सालीं टिळकांनीं आणखी एक पाऊल उचललें. त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली. ख्रिस्ताच्या नांवानें सर्व पंथांच्या व जातींच्या लोकांनीं बंधुभावानें एकत्र यावें, या हेतूनें त्यांनीं साताऱ्यास देवाचा दरबार स्थापन केला. एके काळीं घर टाकून निघून जाण्यांत जो अस्वस्थपणा होता, त्याचेंच हें पालटलेलें रूप. फरक एवढाच, कीं आतां ते कशापासून पळत नव्हते, तर कोणाच्या तरी मागें चालत होते. परंतु शरीर थकलें होतें. ९ मे १९१९ रोजीं मुंबईंत जमशेटजी जिजीभाई रुग्णालयांत त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांच्या देहाचें दहन करण्यांत आलें, व अस्थि नगरास नेण्यांत आल्या. ख्रिस्ताचा शिष्य या मातीचाच पुत्र असतो, हें त्यांनीं मरणांतही सांगितलें.

आतां शेवटीं आमच्या गांवच्या शेताकडे वळूं. उमरोळीच्या मुलांस भातशेती शिकविण्याची गरज नाहीं. पावसापूर्वीं राब भाजतात, भाजलेल्या जमिनींत बीज पेरतात, पावसांत रोपें दाट हिरवीं होतात, आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं झालें, पीक आलें. परंतु शेतकरी तीं रोपें उपटतो, चिखलांत नेऊन पुन्हां लावतो. दोन-चार दिवस तीं मान टाकतात, पिंवळीं पडतात. मग नव्या मातींत मूळ धरतात, आणि मगच दाण्यास येतात. राबांतच राहिलेलें रोप कितीही हिरवें दिसलें तरी त्याचें भरघोस कणीस होत नाहीं. टिळकांच्या आयुष्यांत भाजणेंही झालें, उपटणेंही झालें, मान टाकण्याचे दिवसही आले; म्हणून तें पीक आपण अद्याप कापीत आहों.

आमचीच एक गोष्ट सांगावयास हरकत नाहीं. विद्यार्थी असतांना आम्हीं डोंगरावरचा उपदेश अथपासून इतिपर्यंत बिनचूक म्हणून दाखविला होता, व त्याबद्दल बक्षीसही मिळविलें होतें. त्याच संध्याकाळीं, बक्षिसाचें पुस्तक प्रथम कोणीं वाचावें या कारणावरून, आमचें धाकट्या भावाशीं भांडण झालें, व आम्हीं त्याच्यावर हात उगारिला. घरांतील वडील मंडळींनीं आम्हांस शिक्षा केली नाहीं. त्यांनीं फक्त तें बक्षिसाचें पुस्तक उचलून भावाच्या हातीं दिलें. त्या दिवशीं वचन आमच्या जिभेवर होतें, काळजांत नव्हतें. आज इतक्या वर्षांनीं, वर्गांत एखाद्या मुलावर आमचा आवाज चढला म्हणजे, ती संध्याकाळ आठवते व आवाज उतरतो. बीज उशीरा उगवतें. परंतु तें मेलेलें नसतें.

म्हणून विद्यार्थ्यांनो, शास्त्राच्या तासास तुम्हीं वचनें अवश्य पाठ करावीं, गुणही मिळवावे. परंतु आपण वचन शिकलों कीं नाहीं, हें पाहावयाचें असेल तर प्रगतिपुस्तक उघडूं नका. घरीं धाकटीं भावंडें आपणांस भितात कीं आपणांजवळ येतात, तें पाहा. आपली चूक झाली असतां ती कबूल करण्यास आपणांस किती वेळ लागतो, तें पाहा. निराळ्या धर्माचा वा निराळ्या जातीचा सोबती आपल्या डब्यांतील भाकर निःशंकपणें खातो कीं नाहीं, तें पाहा. आणि पालकहो, आपल्या घरीं जो पवित्र ग्रंथ असेल तो फळीवरून खालीं काढा, व मुलांच्या देखत वाचा. त्याहून महत्त्वाचें म्हणजे, तो वाचल्यावर आपण थोडे सौम्य झालेले मुलांस दिसूं द्या.

उद्यां सकाळींही उमरोळीच्या स्थानकावर गाडी येईल, व एका बांकावर अनोळखी माणसें शेजारीं बसतील. प्रत्येकाच्या हातीं पुस्तक देतां येईल असें नाहीं. परंतु जागा देतां येईल, आणि एक गोड शब्द देतां येईल. कोणाच्या आयुष्याचें वळण कोणत्या स्थानकावर लागावयाचें आहे, हें तो परमेश्वरच जाणे. आपण पेरणी करावी. पाऊस तो पाडील.